पॉवरच्या डब्याला लागलेल्या मुंग्या

दसरा होऊन आठवडा झाला होता आणि बदनापूरला आमच्या दारात उभी असलेली पिकअप जागच्या जागी उचक्या देत होती. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील... पण तो आवाज अजून कानात आहे. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, काही नाही, तरी इंजिन आपोआप रेस घ्यायचं, मग एकदम बसायचं, परत घ्यायचं.

रस्त्यावर तर विचारूच नका. आमचे हे पाय एका जागी धरून बसायचे आणि गाडी आपल्या मनाने पुढे ढुशी मारायची, मग मागे ओढायची. शेजारी बसलेल्या माणसाची मान नुसती हो-हो करत राहायची.

आता हसू येतं, तेव्हा जीव टांगणीला लागला होता. ह्यांनी जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यातली भट्टीवरची नोकरी सोडून ती गाडी घेतली होती. हातावर ठिणग्यांचे डाग घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा शीळ घालत घरी यायला लागला होता...

आणि सोमवारी एका बियाणे कंपनीने गाडी दाखवायला बोलावलं होतं. माल भरून चढावरच्या धावडा गावापर्यंत नेऊन दाखवायचा, जमलं तर अख्खा हंगाम गाडी तिथेच लागणार. नाही जमलं तर गाडी विकायची आणि परत भट्टी, दुसरं काय!

भरल्या गाडीला चढावर जोर पाहिजे म्हणून ह्यांनी दसऱ्याच्या आधी पुण्याहून एक डबा आणून बसवला होता. तळहाताएवढा काळा डबा, बॉनेटच्या आत इंजिनाच्या वायरींना प्लगने जोडलेला. त्याने इंजिनाला जादा डिझेल मिळतं म्हणे. घरात आम्ही त्याला पॉवरचा डबा म्हणायचो आणि आल्या-गेल्याला बॉनेट उघडून दाखवायचो, नवी सून दाखवावी तसं.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. सगळे चाकांना हळदकुंकू लावतात, आमच्या सासूबाईंनी थेट बॉनेट उघडायला लावलं. ताकद जर त्या डब्यात आहे तर पूजा त्याचीच, असा त्यांचा हिशोब! डब्याला कुंकू लावलं, नारळाचं पाणी सगळं त्याच्यावर ओतलं आणि वर गुळाचा खडा ठेवला. हात जोडून पुटपुटल्या, "माझ्या लेकाला पुन्हा त्या आगीपाशी नको धाडू रे बाबा..."

मी शेजारीच उभी होते. माझेही डोळे भरून आले. वायरीचा विचार कोणाच्या डोक्यात येणार हो?

चार दिवसांत उचक्या सुरू झाल्या. ह्यांचे दोस्त रफिकभाई, त्यांचं रस्त्यावरच गॅरेज. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, डिझेलमध्ये पाणी असेल म्हणून टाकीसुद्धा रिकामी करून भरली. उचक्या तशाच.

शेवटी रफिकभाई म्हणाले, "अब ये डबा निकाल के देखते." झालं! सासूबाई बॉनेटपुढे येऊन उभ्या राहिल्या. "देवाचं केलंय त्याचं. त्याला हात न्हाई लावायचा!" ह्यांनाही ते पटलं, कारण डबा काढला तर चढावर गाडी दम टाकेल ही भीती. रफिकभाई कपाळावर हात मारून चहा प्यायला बसले.

रविवारी सकाळी मी अंगण झाडत होते. पुढच्या टायरपाशी मुंग्यांची रांग दिसली... टायरवरून वर, तिथून बॉनेटच्या आत. मनात म्हटलं, लोखंडात मुंग्यांना काय गोड लागलं बाई?

आणि एकदम तो गुळाचा खडा आठवला! झाडू टाकला आणि ह्यांना हाका मारत सुटले.

रांग सरळ डब्याच्या प्लगमध्ये शिरत होती. आता मात्र सासूबाईंनीच सांगितलं, "काढा." रफिकभाईंनी डबा बाजूला काढून मूळ वायर जोडली, गाडी सुरू केली. इंजिन एका सुरात चालू! मग प्लग उघडला तर आत गूळ वितळून बसलेला, त्यात कुंकू, नारळाच्या पाण्याने पिना हिरव्या पडलेल्या, आणि मुंग्यांची नुसती जत्रा.

रफिकभाई हसून हसून खाली बसले. हेही हसले. सासूबाई मात्र गुपचूप आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

हे मागोमाग गेले. "माय, तू माझ्यासाठीच केलं ना ते? मंग रडून काय राह्यली? चल, गाडीत बस." जुन्या टूथब्रशने प्लग साफ केला, सुकवला, डबा परत जोडला, वरून टेप गुंडाळला. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून जालना रोडने चक्कर मारली. त्यांची मान एकदाही हलली नाही!

सोमवारी दुपारी धावड्याहून ह्यांचा फोन आला. म्हणाले, "पाय एका जागी, गाडी एका सुरात. माल पोचला." मी काही बोलायच्या आत फोनमधूनच त्यांची शीळ ऐकू आली... मी तिथेच ओट्याला टेकून रडले. भट्टी सुटली ती कायमचीच.

पुढच्या दसऱ्याला सासूबाई सकाळपासून तयारीत. नारळ चाकापाशी फोडला, गूळ आमच्या हातावर दिला. मग बॉनेट उघडायला लावून पॉवरच्या डब्याला दुधाची धुतलेली पिशवी घट्ट बांधली, आणि त्या पिशवीला हळदकुंकू लावलं.

सासूबाई आता नाहीत. गाडीही बदलली, डबाही गेला. पण दसऱ्याला चाकापाशी चिमूटभर गूळ मी अजून ठेवते... मुंग्यांसाठी.