उलटं एकदाच करायचं

शुभाताईंच्या डाव्या मनगटावर बांगड्यांऐवजी पाच रबरं असायची. प्रिंटआउटच्या गुंडाळीला लावतात तसली, पिवळट आणि साधी. कॉम्प्युटरसमोर बसून खेळताना त्या मध्येच एक रबर काढायच्या आणि उजव्या हातात चढवायच्या. थोड्या वेळानं दुसरं. पाचही उजवीकडे गेली की खुर्चीला टेकून एक लांब श्वास सोडायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, बाई जप करतायत.

हा जप भाईंदरच्या जेसल पार्कात, आमच्या बिल्डिंगसमोरच्या गाळ्यात चालायचा. दोन हजार सात-आठच्या सुमाराला तिथे शुभाताईंचं सायबर कॅफे होतं. मी नुकतीच कॉलेजात गेले होते. घरी कॉम्प्युटर नव्हता आणि स्टेशनजवळच्या कॅफेत जायला बाबांची परवानगी नव्हती. "काउंटरवर बाई बसते ना? मग जा," म्हणाले, आणि मला हे कॅफे मिळालं. पहिल्या दिवशी प्रोजेक्टची दोन पानं छापायला गेले, तर ती हातात पडेपर्यंत बाहेर दिवे लागले. ताईंनी आधी कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ केला, मग प्रिंटर पुसला, मग चष्मा शोधला. माझ्यामागचा माणूस वैतागला.

"मॅडम, जरा जल्दी करो ना."

"जल्दी है तो स्टेशन के पास जाओ भैया. उधर सब जल्दी होता है. गलत भी जल्दी होता है."

माणूस हसला आणि थांबला. त्यांच्याकडे बहुतेक लोक असेच थांबायचे.

ताई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. मूळच्या राजापूरकडच्या. वडिलांनी परळची खोली विकून भाईंदरला घर घेतलं, आणि घर लागल्यावर फार दिवस ते जगले नाहीत. धाकटा भाऊ विलास लग्नानंतर डोंबिवलीला गेला. ताईंनी लग्न केलं नाही. आईला त्यांनीच सांभाळलं. शेवटची काही वर्षं आई कुणालाच ओळखत नव्हती. "मला कामवाली समजायची," ताई सांगायच्या. "विचारायची, बाई, पगार किती घेता हो? मी म्हणायचे, जेवूनखाऊन आहे मी." हे सांगताना त्या हसायच्या. ऐकणाऱ्याला हसता येत नसे.

तो खेळ कॅफेत आणला डॉमनिकनं. डॉमनिक उत्तनच्या पुढचा, तारोडीचा. घरची बोट होती, पण तो डिप्लोमा करत होता आणि उरलेला वेळ आमच्या कॅफेत घालवायचा. इंटरनेटवर चालणारा राक्षसांच्या लढाईचा खेळ. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे चार जनावरं. एका वेळी एकेक जनावर समोर यायचं. दोघांनी आपापली चाल द्यायची, आणि ज्याचं जनावर चपळ ते आधी मारायचं. साहजिकच सगळे चपळ जनावरं निवडत. जाड, सुस्त, दगडासारखी जी असत त्यांचा फटका भयंकर असायचा, पण फटका मारायची पाळी येईपर्यंत ती जगतच नसत. म्हणून त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही.

ताईंनी नेमकी तीच निवडली. कारण त्या खेळात एक चाल अशी होती, की ती टाकली की पुढच्या पाच खेपा सगळा क्रम उलटा व्हायचा. सर्वांत मंद ते आधी मारणार आणि सर्वांत चपळ शेवटी. कॅफेतली पोरं या चालीला नुसतं 'उलटं' म्हणायची. पाच खेपा मोजायला ताईंची पाच रबरं.

एक मात्र होतं. उलटं चालू असताना तीच चाल पुन्हा टाकली, तर उलट्याचं उलटं होऊन सगळं होतं तसं सरळ व्हायचं. नवा खेळाडू ही चूक हमखास करायचा. त्याला वाटायचं, दोनदा टाकलं तर दुप्पट टिकेल. मलाही तसंच वाटलं होतं. "उलटं एकदाच करायचं," ताई मला म्हणाल्या. "एकदा केलं की त्याला हात लावायचा नाही. गपचूप आपलं काम करून घ्यायचं."

"आणि पाच खेपा संपल्या की?"

"कंदील जिवंत असला तर परत लावायचं. नसला तर मग काय, बसून मार खायचा."

कंदील म्हणजे त्यांचं उलटं करणारं जनावर. दिसायलाही तसंच, पोटात मिणमिणता उजेड असलेलं. बाकीच्यांची नावंही त्यांनीच ठेवलेली. सगळ्यांत जड तो टँकर, कारण "बोलावल्यावर कधी येईल सांगता येत नाही, पण आला की सगळ्यांची तोंडं बंद." दुसरा सेक्रेटरी, सोसायटीच्या सेक्रेटरीवरून, जो लिफ्टच्या तक्रारीवर वर्षभर विचार करत होता. तिसरी थोरली. "थोरली कोण?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मीच. घरात मी थोरली ना."

डॉमनिक त्यांना फार चिडवायचा. "ताई, ही तुझी जनावरं जित्ती हायत का न्हाय? नाडी बघ जरा."

"आहेत रे. तुझ्यासारखी उड्या मारत नाहीत म्हणजे मेली का?"

"माझा एकच फटका लागंल आन् टँकर पंक्चर."

"आधी पोच तर टँकरपर्यंत."

मग कंदील मार खात उभा राहायचा, उलटं व्हायचं, आणि डॉमनिकची वीजवाऱ्यासारखी जनावरं एकामागून एक आडवी व्हायची. डॉमनिक डोक्याला हात लावायचा. ताई शांतपणे रबर सरकवायच्या. जिंकल्यावर त्यांना आनंद झाला असं कधी दिसायचं नाही. नुसतं बरं वाटल्यासारखं दिसायचं.

मला खेळायला त्यांनी आपणहून बसवलं. शाळेत मी कधी हात वर केला नाही. उत्तर यायचं, पण इंग्रजीत ते मनात जुळवून होईपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून गेलेलं असायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ताईंनाही नाही. एकदा माझी चाल द्यायला उशीर झाला म्हणून मी सॉरी म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "उत्तर येतंय ना तुला? मग सॉरी कसलं. समोरचा बसेल की. बसायला काय लागतं?" त्यानंतर मी रोज जाऊ लागले. आम्ही फारसं बोलायचो नाही. त्या चहा करायच्या, मी प्यायचे.

त्या चहावरूनच पहिल्यांदा कळलं. एका दुपारी कॅफे रिकामं होतं. ताईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. मी अर्धा प्याले, तोवर त्यांनी दुसरा कप आणून ठेवला.

"ताई, आत्ताच दिलात ना."

त्यांनी दोन्ही कपांकडे पाहिलं. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "आईचं असंच सुरू झालं होतं," म्हणाल्या. "साखर दोनदा."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, बघू या. आईच्या वेळी पण आम्ही बघतच होतो."

मी दुसरा कपही जवळ ओढला. ताईच पुढे बोलल्या. विलासला कळलं होतं. तो म्हणत होता, कॅफे बंद कर, फ्लॅट भाड्यानं दे आणि आमच्याकडे ये. ताईंना जायचं नव्हतं. "तिकडे गेले की मी पेशंट. इकडे निदान दुकानदार आहे." त्यांनी विलासकडून मुदत मागून घेतली होती. जमेनासं झालं की मी स्वतः फोन करीन, तोवर तू विषय काढायचा नाहीस, असं ठरलं होतं.

"पण जमेनासं झालं हे तुम्हाला कळणार कसं?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, हे विचारायला नको होतं.

"तेच ना. आईला कुठे कळलं होतं?" त्यांनी समोरच्या स्क्रीनकडे बोट केलं. "हे कळेल. चहा दोनदा झाला तर झाला, चष्मा हरवला तर हरवला. पण ज्या दिवशी मी उलटं दोनदा करीन, त्या दिवशी विलासला फोन. तू बघत राहा."

मी बघत राहिले. त्याआधी त्यांचा खेळ बघायला मजा यायची, त्यानंतर नाही. कंदील समोर आला की मी श्वास रोखून बसायचे. उलटं झालं, एक रबर सरकलं, दुसरं सरकलं, कंदील मागे गेला, टँकर आला, की मी सुटल्यासारखी व्हायचे. बाकी गोष्टी हळूहळू ढासळत होत्या. शटरची किल्ली फ्रीजमध्ये सापडली. एका बाईंच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका ताईंनी दोनदा छापल्या. माझं नाव घ्यायच्या आधी त्या जरा थांबू लागल्या. पण खेळ पक्का होता. एकही चूक नाही. एकदा जिंकल्यावर मला म्हणाल्या, "अजून आहे मी," आणि रबरं पुन्हा डाव्या हातात चढवली.

पुढच्या उन्हाळ्यात डॉमनिकला आखातात नोकरी लागली. जायच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी तो निरोपाचा डाव खेळायला आला. सोबत काशीमीऱ्याच्या गॅरेजमधले त्याचे दोन मित्र होते, आमच्या बिल्डिंगमधली चार पोरं होती. खुर्च्यांमागे गर्दी झाली. ताईंनी त्या दिवशी बरी साडी नेसली होती.

"ताई, आज तरी पळणारं एखादं घे. माझी इज्जत हाय."

"तू चाललास ना विमानानं? तेवढं पळणं पुरे."

डाव सुरू झाला. कंदिलानं मार खाल्ला आणि उलटं केलं. पहिलं रबर उजवीकडे गेलं. पुढच्या खेपेला कंदिलानंच आधी फटका मारून डॉमनिकचं एक जनावर पाडलं. दुसरं रबर गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. डॉमनिकनं त्याचं सगळ्यांत चपळ जनावर काढलं. उलट्यात ते अगदी कुचकामी. आता कंदील मागे, टँकर पुढे, आणि डाव संपलाच, हे मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होतं.

ताईंचा माउस स्क्रीनवर जरा फिरला. मग त्यांनी पुन्हा उलटं टाकलं.

डॉमनिकला वाटलं, काहीतरी नवीन असणार. "ताई, हा काय डाव हाय?" तो म्हणाला. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली. ती ओळ ताईंनी शेकडो वेळा वाचलेली होती.

"मधुरा," त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय गं?"

माझं नाव त्यांनी या वेळी न थांबता घेतलं. "सगळं पूर्ववत झालं, असं लिहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी मनगटांकडे पाहिलं. डावीकडे तीन रबरं, उजवीकडे दोन. डॉमनिकला चाचणीचं काही माहीत नव्हतं, पण तो माणूस म्हणून शहाणा होता. त्यानं माउसवरचा हात काढला. "जाऊ दे ताई. लाइट गेली समजू. परत सुरू करू."

"मार," ताई म्हणाल्या.

"ताई, उगाच..."

"मार रे. चाल आहे तुझी."

त्यानं मारलं. कंदील पडला. टँकर आला आणि एकही फटका न मारता पडला. सेक्रेटरीही तसाच. थोरली शेवटी आली. उलटं केव्हाच संपलं होतं, तरी प्रत्येक खेपेला ताई एक रबर काढून उजव्या हातात चढवत होत्या, न चुकता, अगदी वेळच्या वेळी. थोरली पडली तेव्हा डावा हात मोकळा झाला होता.

"जपून जा," त्या डॉमनिकला म्हणाल्या. "तिकडे ऊन फार असतं." डॉमनिकनं वाकून नमस्कार केला, त्यांच्यात तशी पद्धत नसताना. मग सगळे निघून गेले. मी थांबले. मला म्हणावंसं वाटत होतं, चूक कुणाचीही होते, मीही केली होती. पण ठरलं काय होतं ते दोघींनाही माहीत होतं. ताईंनी एकेक मशीन बंद केलं, नेहमीसारखं, सावकाश. मग काउंटरवरचा फोन उचलला. "विलास," म्हणाल्या, "ये." एवढंच.

गाळ्यात पुढे मोबाइल रिचार्जचं दुकान आलं.

वर्षभरानं मी डोंबिवलीला विलासच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. ताई बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या. केस कुणीतरी छान विंचरले होते. डाव्या मनगटावर रबरं तशीच होती. "काढून घेतली की रडतात," वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणून राहू दिली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, ग्राहकाकडे पाहून हलवायच्या तशी.

"प्रिंट काढायचीय का मॅडम? बसा. वेळ लागेल."

"असू दे," मी म्हणाले. "मला घाई नाही."

मी समोर बसले. थोड्या वेळानं त्यांनी एक रबर काढून उजव्या हातात चढवलं. खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. वहिनींनी चहा आणला, तो निवून गेला. दुसरं रबर, तिसरं, चौथं. प्रत्येकाच्या मध्ये त्या पूर्वीसारख्याच थांबत होत्या, समोर कुणीतरी चाल देतंय आणि त्याला वेळ दिला पाहिजे, अशा. मी पाहत होते.

पाचवं रबर उजवीकडे गेलं. ताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या नुसत्या बसून राहिल्या.