नॉर्वेच्या माणसाचे रडणे

सर्वप्रथम नमूद करतो की, भूतपिशाच्च, करणी, अंगात येणे इत्यादी बाबींवर माझा तिळमात्र विश्वास नव्हता. कोरेगावात तहसील कचेरीसमोर बसून मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझा मसुदा वाचून भलेभले वकील मान डोलावतात. ज्याला पुरावा नाही, ते माझ्या लेखणीतून उतरत नाही... तरीही पुढील हकीकत सांगणे प्राप्त आहे.

हकीकत नव्वदच्या दशकातील. माझी थोरली बहीण, अक्का, उंब्रजला राहते. तिचा एकुलता मुलगा सुहास सांगलीस इंजिनिअरिंग शिकत होता. होस्टेलवर त्याला कावीळ झाली, ती वाढली, आणि तो गेला. मातीला अवघे गाव लोटले. अक्का मात्र रडली नाही. भिंतीला टेकून बसली, ती बसलीच. भरवले तर गिळायची. न भरवल्यास मागायची नाही.

शेजारच्या हौसाबाई मला म्हणाल्या, "आवं, तिला कसं बी करून रडवा. पानी आत जिरलं, तर बाई हाताला लागायची न्हाई."

बायकांनी गळ्यात पडून हेल काढले, सुहासचा सदरा तिच्या मांडीवर ठेवला. परिणाम शून्य. माझे स्वतःचे म्हणाल, तर मलाही काही वाटत नव्हते. दिवसकार्याचा बाजार आणला, आल्या-गेल्याला चहा दिला – जणू कोणा तिऱ्हाइताचे काम मुखत्यारपत्रावर करीत होतो.

एके दुपारी सामान आवरताना सुहासचा टेपरेकॉर्डर हाती आला. आत त्याची आवडती कॅसेट होती. नॉर्वे देशातील कोण्या बँडचा सुरुवातीचा अल्बम. सांगलीच्या अजित नामक मित्राने आपल्या कॅसेटवरून उतरवून दिलेला. वेष्टनावर झेरॉक्स केलेले चित्र – बर्फातले रान, आणि तोंडाला प्रेतासारखा पांढरा रंग फासलेला माणूस. बँडचे नाव बाभळीच्या फांद्यांसारख्या काटेरी अक्षरांत. कसलेही हस्ताक्षर लावणाऱ्या मलाही ते लागले नाही. गिटार म्हणजे मोहोळ उठल्यासारखे, ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा, आणि वर एक इसम नुसता किंचाळतो... सुटीत सुहास ते लावी, तेव्हा अक्का चुलीपुढून ओरडे, "बंद कर रं मुडद्या! कुणाची म्हस अडलीया?" तो हसून आवाज वाढवी.

मी बटण दाबले. मशीन चालते का, एवढेच पाहायचे होते.

किंकाळी सुरू झाली. अक्काने मान वळवली.

"कोन रडतंय रं?"

"नॉर्वे देशाचा इसम आहे."

"त्याचं कोन गेलं?"

"त्याबाबत माहिती नाही, अक्का."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नीट रडाय बी येत न्हाई गड्याला. नुसता वरडतोय. नाव घिऊन रडावं... आसं."

आणि तिने सुहासच्या नावाने हेल काढला. ती दम घ्यायला थांबली की तो, तो थांबला की ती – दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात तसे. हौसाबाई धावत आल्या, त्या दारातच थबकल्या. साईड संपून बटण खट्कन वर आले. अक्काने पदराने तोंड पुसले आणि भाकरी मागितली.

इथवर समजण्यासारखे आहे. पुढचे नाही.

दुसऱ्या दिवशी तीच साईड लावली. मोहोळ होते, गारा होत्या. इसम नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत – एकदाही नाही. कराडच्या रेडिओ मेकॅनिककडे कॅसेट नेली. तो म्हणाला, "चुकून रेकॉर्ड दाबलं तर समदंच पुसतंय, सायेब. एकट्या मान्साला कोन भाईर काढनार?" सांगलीस अजितकडे गेलो. त्याच्या मूळ कॅसेटमध्ये तो पूर्ववत किंचाळत होता. आमची लावल्यावर अजितने बोट वर केले, "काका, आता येतो बघा..." बोट तसेच राहिले.

अक्काला सांगितले, तर म्हणाली, "रडून झालं आसंल त्याचं. गेला आसंल घरी."

हा खुलासा मला मान्य नाही. दुसरा माझ्यापाशी नाही.

अक्का आता सावरली आहे. सुहासचे नाव घेते, हसतेही. मला मात्र अद्याप रडू आलेले नाही. कॅसेट मी ठेवून घेतली. कचेरीला सुटी असली की दुपारी ती लावून बसतो. त्याची जागा येते... आणि जाते.