बाईंचा जुना प्रश्न

कारखान्यात उजवा हात गमावलेली कमलताई भरपाईच्या दाव्यात साक्षीला उभी होती. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "डाव्या हाताने भाकरी थापता ना?"

"थापते की. या एकदा खायला, दात शाबूत राहिले तर सांगा!"

कोर्ट हसलं. तिच्या वकील बाई हसल्या नाहीत. शेजारी बसलेल्या मला, त्यांच्या ज्युनिअरला, हळूच म्हणाल्या, "हा प्रश्न माझाच. मी बारा वर्षं कंपन्यांची वकिली केली. ज्यांना हे विचारलं, ते सगळे हरले. 'हो' म्हटलं की काम जमतं असंच ठरतं."

माणूस पस्तावतो, बाजू बदलतो. त्याने पाजळलेलं हत्यार मात्र तिकडेच राहतं, आणि ते कुणाच्याही हातात चालतं.

न्यायाधीशांनी शांतपणे टायपिस्टला कमलताईच्या साक्षीचा मजकूर सांगितला, "हे म्हणणे खरे आहे की, मी डाव्या हाताने भाकरी थापते."