महारुखावरच्या अळ्या

विठ्ठलअण्णा गेल्याचं मला जाफराबादच्या स्टँडवर कळलं. जीप भरायची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "माझ्याबद्दल काही म्हन्ले का ते?" मेलेल्या माणसाची चौकशी अशी करतात का! पण माझ्या पोटात बारा-तेरा वर्षांपासून पाप होतं...

अण्णा माझे चुलतभाऊ. आमचं वावर वावराला लागून, आणि सामाईक बांधावर महारुखाचं झाड. पावसाळ्यात त्यावर पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या यायच्या. लोक नाक मुरडायचे, अण्णा मात्र त्यांना लेकरासारखं जपायचे. तलावातली मरळ याच अळीवर गळाला लागते, दुसऱ्या कशाला ती तोंड लावत नाही, असा त्यांचा दावा. झाड निम्मं ओकंबोकं झालं की अळ्या टोपलीत उतरवायच्या, वर ओलं गोणपाट, रोज ताजा पाला. पोसल्या की भोकं पाडलेल्या डब्यात ज्वारीच्या कोंड्यात ठेवायच्या आणि डबा माठाखालच्या ओल्या वाळूत. गारव्यानं अळी सुस्त पडते, आठ-दहा दिवस टिकते. झाकणावर ते एक दोरा ठेवायचे. तो हलला की घरातल्या एकेकाची उलटतपासणी. सख्ख्या पोरांवरसुद्धा विश्वास नव्हता. वहिनी गेल्यावर मळ्यातल्या खोलीत एकटेच राहायला लागले.

त्यांना संशयी म्हणणारा मी, पण माझं तरी काय वेगळं? एका साली बोंडअळीनं कापूस पोखरला आणि माझ्या डोक्यात भरलं, की ही बला अण्णांच्या झाडावरूनच येऊन राह्यली. कुणाला विचारायचं कशाला, आपण शहाणे ना! अण्णा बाजाराला गेल्याचं बघून पंप पाठीला लावला आणि कापसावरचं औषध झाडभर मारलं. शेजारच्या किसनभाऊंच्या शेळ्या त्या पाल्यावर जगायच्या, म्हणून त्यांना तेवढं बजावलं: झाडावर रोग पडलाय, पाला तोडू नका. संध्याकाळी झाडाखाली अळ्यांचा सडा पडला होता. अण्णा उकिडवे बसून एकेक उलटून बघत होते. मग म्हणाले, "किसन्यानं केलं. अळ्या पाला खात्यात, शेळ्याला पुरंना त्याला." किसनभाऊ म्हणजे त्यांचे लहानपणापासूनचे मैतर, रोज शेजारी बसून गळ टाकणारे. तेव्हाच बोलायला हवं होतं... मी नुसती मान हलवली. हलवली हो!

पुढं शेतकी खात्याच्या एका माणसानं सांगितलं, की महारुखाची अळी कापसाला तोंडही लावत नाही. तोवर त्या दोघा मैतरांचं बोलणं तुटलं होतं. किसनभाऊ बांधावर दिसले की अण्णा पाठ फिरवायचे. मला मात्र म्हणायचे, "साऱ्या गावात तूच एक भरवशाचा." लाज वाटायची, अन्न गोड लागायचं नाही. मग भरपाई म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. आज सांगू, उद्या सांगू, करता करता अण्णाच गेले.

तेराव्यानंतर किसनभाऊंकडं गेलो. ते शेळीची धार काढत होते. सगळं सांगून टाकलं. ते काही थांबले नाहीत.

"मला ठाव व्हतं," ते म्हणाले. "तू पाला तोडू नका म्हन्ला, तवाच."

"मंग बोल्ले का न्हाई?"

"तुझं नाव घेतलं असतं, तर त्याच्यापाशी बसायला कोन राह्यलं असतं?"

मला रडू आवरलं नाही. अजून संध्याकाळी पाय आपोआप मळ्यातल्या खोलीकडं वळतात. दाराला कुलूप असतं, मी पायरीवर बसतो. परवा किसनभाऊ आले आणि शेजारी टेकले. इतक्या वर्षांत ते त्या पायरीवर पहिल्यांदा बसले होते.