अकरा वर्षांनी सापडलेली वायर

ओर्सा गावात जुन्या अमेरिकन गाड्या घेऊन बसलेल्यांची कमी नव्हती. गंजून चाळण झालेली लांबलचक गाडी कुठून तरी ओढून आणायची आणि अख्खा हिवाळा तिच्याखाली पाठ टेकून काढायचा, हा तिथल्या निम्म्या पुरुषांचा उद्योग. इंजिन सगळ्यांनाच जमे. वायरिंगचं नाव निघालं की मात्र भलेभले हात टेकायचे आणि रूने हेडलुंडच्या दाराशी येऊन उभे राहायचे. रूने लाकडाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन होता. बोलायचा कमी. वायरीचा रंग उडालेला असला तरी ती कुठून निघते, कुठे जाते, हे बोटांनी चाचपून सांगायचा.

मग एका उन्हाळ्यात त्याने हे काम एकदम सोडलं. कुणी आलंच तर म्हणायचा, "डोळे गेले रे माझे." डोळ्यांना काही झालं नव्हतं. त्याची बायको गुनिला त्याला बारीक अक्षरातलं वर्तमानपत्र वाचताना रोज बघायची.

त्याच उन्हाळ्यात तूर्द एकवालची गाडी पेटली होती. तूर्द व्हायोलिन वाजवायचा, आणि असा वाजवायचा की तो नसला तर म्हातारी माणसं विचारायची, "हे लग्न आहे की सोसायटीची मीटिंग?" मध्य-उन्हाळ्याच्या सणाला वाजवायला निघाला असताना डॅशबोर्डमागून जाळ आला. मागच्या सीटवरचं व्हायोलिन त्याने ओढून काढलं, पण डावा हात भाजला. दोन बोटं आखडली ती कायमचीच. गाव म्हणालं, रेडिओ स्वतःच जोडला होता ना, मग दुसरं काय होणार? तूर्दही तेच म्हणायचा.

अकरा वर्षं गेली. एप्रिलमध्ये, अंगणातला बर्फ चिखल होऊ लागला असताना, तूर्द एका दुपारी रूनेच्या दारात आला. मागे ट्रेलरवर तीच गाडी. पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा जोडलेला, मागचा तिचाच.

"दोन दिवसांत बॅटरी उतरते, रूने. सगळं करून बघितलं."

"माझे डोळे..."

"डोळे माझे घे की. मला हात हवेत तुझे."

असं म्हणून तूर्द हसला. रूनेला हसू आलं नाही. आत गुनिलाने कॉफी ठेवली होती, दालचिनीचे पावही काढले होते. नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

गाडी गॅरेजात ढकलली, आणि रूनेला तो जुना शुक्रवार आठवला. खरं तर त्याने तो कधी विसरूच दिला नव्हता स्वतःला. सणाच्या आदल्या दिवशी तूर्द हीच गाडी घेऊन आला होता. दिव्यांचा फ्यूज सारखा उडत होता. चार तास शोधूनही शॉर्ट सापडेना. घरी पाहुणे यायचे होते. शेवटी रूनेने लहान फ्यूज काढून तिप्पट ताकदीचा बसवला आणि म्हणाला, "जाऊन ये. सोमवारी बघू." त्याने काय बसवलं ते तूर्दने विचारलं नव्हतं. आग विझल्यावर जळालेल्या गाडीपाशी सगळ्यांत आधी पोचला तो रूनेच. तो फ्यूज त्याने काढून खिशात टाकला आणि घरी जाताना तळ्यात फेकला.

आता त्याने बॅटरीची तार सोडवून मध्ये टेस्ट लॅम्प लावला. सगळं बंद असूनही दिवा मिणमिणत होता. म्हणजे करंट कुठून तरी झिरपत होता. तो एकेक फ्यूज काढत गेला. चौथा काढला आणि दिवा विझला.

"मागच्या दिव्यांची लाइन," तो म्हणाला.

"ती तर जुनीच आहे. मागे आग पोचलीच नव्हती, म्हणून बदलली नाही."

रूनेने मागची सीट काढायला लावली. वायरींचा जुडगा सीटच्या लोखंडी पट्टीखालून जात होता. त्याने बोट फिरवलं आणि थांबला. एका वायरीचं वेष्टण घासून गेलं होतं, आतलं तांबं गंजलेल्या पट्टीला जेमतेम टेकलं होतं, फ्यूज उडणार नाही इतपतच. पट्टीवर जुना काळा डाग होता, ठिणग्यांचा.

"हा डाग आत्ताचा नाही," तूर्द वाकून म्हणाला. त्याने डागावरून नख फिरवलं. "रूने, मग फ्यूज उडायचा तो ह्यामुळे? रेडिओमुळे नाही?"

"नाही. रेडिओचा काही संबंध नव्हता."

"अरे देवा!" तूर्द सीटच्या सांगाड्यावर बसला. "अकरा वर्षं मी स्वतःला शिव्या घालतोय. बायकोच्या शिव्या खातोय ते वेगळंच." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो हसत होता. "पण मग फ्यूज उडायला हवा होता ना? फ्यूज असतो कशाला?"

इथे रूनेला गप्प राहता आलं असतं. जुना फ्यूज असेल, असं म्हटलं असतं तरी तूर्दने मान डोलावली असती.

"मी मोठा घातला होता, म्हणून तो उडाला नाही, आणि डॅशबोर्डमागे वायर तापून पेटली," रूने म्हणाला. "तू सणाला पोचावास म्हणून. नंतर तो काढून घेतला. कुणाला कळू नये म्हणून."

तूर्दने हातातला पाना खाली ठेवला.

"दुकानात भेटलास की विचारायचास, हात कसा आहे."

"हो."

"अकरा वर्षं."

"हो."

तूर्द उठला, टोपी घातली आणि चालत निघून गेला. रूनेने ती वायर बदलली, नळी चढवून पट्टीपासून दूर बांधली, लॅम्प लावून पुन्हा तपासलं. दिवा लागला नाही, गळती थांबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तूर्दचा मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला आणि गाडी ओढून घेऊन गेला. त्याला काही माहीत नव्हतं. "काय, सापडला का बिघाड?" त्याने मजेत विचारलं.

तूर्दने गावात अवाक्षर काढलं नाही. रूनेला तेच सोसवेना. शनिवारी गाडीवाले पेट्रोल पंपापाशी कॉफीला जमतात, तिथे जाऊन त्याने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. माणसं आपापल्या कपात बघत राहिली. एकजण म्हणाला, "थंडी अजून आहेच, नाही?" मग दुसरा हो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने गुनिलालाही सांगितलं.

"काहीतरी आहे हे कळत होतं मला," ती म्हणाली. "पण मला वाटलं, बाई असेल. बाई असती तर बरं झालं असतं, रूने."

त्यानंतर गॅरेजला कुलूप लागलं. दुकानात तो जायचा बंद झाला. सामान आणायला गुनिला एकटीच जाते. तिथे तूर्दची बायको भेटली तर दोघी हवापाण्याचं बोलतात, आणि मग आपापल्या पिशव्या उचलून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात.