फणसवाडीच्या विहिरीतला गाळ

"आडनाव काय म्हणालात?"

मी विहिरीच्या काठावर वाकलो होतो. हातात निर्जंतुक केलेली बाटली, तिला बांधलेली दोरी. फणसवाडीतली पोरं हगवणीने आजारी पडत होती, म्हणून पाणी तपासायला पालिकेने मला पाठवलं होतं. विचारणारे अप्पा, वाडीचे मालक. आदल्याच संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत त्यांचं भाषण ऐकलं होतं. मराठी माणूस तेवढा एक, म्हणाले होते. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आडनाव सांगितलं. बौद्ध आहे, हेही सांगितलं.

"म्हणजे पूर्वीचे..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. "लांब उभे राहा. मी कळशीने काढतो, वरून ओततो. बाटली धरा खाली."

बी.एस्सी. झालेला मी. चाळीच्या गॅलरीत बायका बघताहेत. कानशिलं तापली. तरी बाटली धरायला हात पुढे गेला, सवयीने. गावी आई अशीच ओंजळ धरायची आणि वरून पाणी पडायचं. ती ओंजळ डोळ्यांपुढे आली. हात मागे घेतला.

"कळशीतलं पाणी तपासणीला चालत नाही. दोरी मीच सोडणार. नाहीतर विहीर बंद."

"करा बंद."

केली. विहिरीवरच्या जाळीला कुलूप मी स्वतः लावलं.

आठवड्याभरात अप्पा परळच्या आमच्या प्रयोगशाळेत हजर. वाडीतल्या बायका रस्त्यावरच्या नळावर भांडून टेकीला आल्या होत्या. मी म्हटलं, आधी विहीर उपसून गाळ काढा, मग औषध, मग तपासणी.

"काढू की. तुमच्यातले चार गडी पाठवा."

तुमच्यातले! पाण्याला माझा हात नको, गाळाला माझे भाऊ हवेत. माझ्या बापाने करी रोडला जन्मभर गटारं उपसली. तो वास अजून नाकात आहे.

"गाळ वाडीचा. वाडीच उतरेल. मी काठावर उभा राहीन."

उतरले. अप्पांचे दोन्ही मुलगे कमरेपर्यंत चिखलात, वर घमेली ओढायला अप्पा स्वतः. आतली भिंत फुटून वाडीच्याच संडासाचं पाणी झिरपत होतं. इतके दिवस तेच पीत होते, आणि विटाळ होणार होता माझ्या दोरीने! अप्पांच्या धोतरावर गाळ सांडला तेव्हा मी हसलो, त्यांना दिसेल असा. मजा वाटली. खोटं कशाला बोलू?

भिंत बुजवली, औषध पडलं. सगळ्यांदेखत मी बाटली सोडली. नमुना चांगला निघाला. कुलूप काढलं त्या दिवशी पहिली कळशी मीच ओढली आणि काठावर बसून पोटभर प्यायलो. अप्पांनी तोंड फिरवलं.

फिरवू देत. दर महिन्याला मी येणार, दोरी घेऊन. ज्या वाडीत ही दोरी अडेल तिथे कुलूप पडेल. आणि त्यांच्या गाळात आमचा एकही माणूस उतरणार नाही.