न धुतलेलं दावं

त्याचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच ते सुखात होतं. बाकी सगळ्यांसाठी तो खुरमामा. जनावरांचे वाढलेले खूर तासायचे, वाकडे पडलेले सरळ करायचे, खुरात रुतलेला खडा काढायचा, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. गोठ्याच्या फाटकाशी त्याची फटफटी थांबली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "चला गं बायांनो, ब्युटी पार्लर आलं!"

मामा फटफटीवरून उतरता उतरता म्हणायचा, "हसा, हसा. तुमच्या नखांना कुणी विचारत नाही म्हणून जळताय."

त्याची हत्यारं तीनच. वाकडी सुरी, कानस आणि दावं. सुरी आणि कानस तो रोज घासूनपुसून ठेवी. दावं मात्र एकवीस वर्षांत एकदाही धुतलं नव्हतं. सुती, मऊ, किती जनावरांच्या घामाने काळं पडलेलं, त्याची गणतीच नव्हती. नव्या जनावरापुढे गेला की आधी ते दावं तो त्याच्या नाकाशी धरी. पोटभर हुंगू देई. मग हळूच तोंडावरून फिरवून शिंगांमागे नेई. डॉक्टरला लाथ मारणारी गायसुद्धा मामापुढे पाय उचलून उभी राहायची.

"धुतलं की वास गेला, आणि वास गेला की विश्वास गेला," असं तो सांगायचा.

"ते घरात आणलंत तर तुम्हीपण बाहेर," असं बायको सांगायची. म्हणून दाव्यासाठी ओसरीवर वेगळा खिळा होता.

या कामाला त्याला लावलं ते आक्काने, त्याच्या थोरल्या बहिणीने. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि आक्का सतरा. तिनेच त्याला भरवलं, तिनेच शाळेत ढकललं, आणि शाळेने परत ढकलल्यावर पहिली सुरी तिनेच हातात दिली. आता तिचे गुडघे कुरकुरत होते. सतरा जनावरांचा गोठा एकटीने ओढवत नव्हता. म्हणून तिने ठरवलं होतं, सहा कालवडी लेकीकडे पाठवायच्या. लेकीचा गोठा चार तासांच्या रस्त्यावर. तिथे आधीच बावीस गायी होत्या, आणि या सहांसाठी तिने नवं छप्पर घातलं होतं.

शुक्रवारी सकाळी मामा ओसरीवर चहा पीत होता. रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप आली.

"चष्मेवाल्यांच्या गोठ्यात लाळ-खुरकूत निघाली आहे. गोठ्यापासून दहा किलोमीटरपर्यंत एकही जनावर जागचं हलवायचं नाही. चारायला न्यायचं नाही, विकायचं नाही, गाडीत चढवायचं नाही. गेल्या चौदा दिवसांत त्या गोठ्यात गेलेल्या प्रत्येकाने मोठ्या रस्त्यावरच्या नाक्यावर येऊन सांगायचं."

जीप पुढे गेली. मामाच्या हातातला कप तिथल्या तिथे राहिला.

सोमवारी तो चष्मेवाल्यांकडेच होता. तिथली तांबडी गाय दावं तोंडावरून घेताना मचमच करत होती. लाळेची तार लोंबत होती. चष्मेवाल्यांनी विचारलंही, "मामा, हिला काय झालं हो?" आणि मामाने, जन्मभर जनावरांत वावरलेल्या माणसाने, सांगितलं होतं, "काटा टोचला असेल गालात. निघेल." दावं ओलं झालं होतं. ते त्याने पँटला पुसलं आणि खांद्यावर टाकलं.

मंगळवारी दोन गोठे. बुधवारी आक्काचा.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या पोरींची नखं काढावीत तसे त्याने सहाही कालवडींचे खूर तासले होते. प्रत्येकीला दावं हुंगायला दिलं होतं. धाकटी तर ते चाटत बसली होती.

"अहो, चहा सांडतोय," बायको म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून खालीच बसली. त्याने सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"आक्कांचं घर बारा किलोमीटरवर आहे. वेढ्याच्या बाहेर. काल डॉक्टरने तपासून दाखलापण दिलाय. तुम्ही गप्प बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "एकदा बोललात की या जन्मात कुणी फाटक उघडणार नाही तुम्हाला."

ती खोटं बोलत नव्हती. हीच तर भीती होती. आणि दुसरी भीती या भीतीमागे उभी होती, हिच्याहून मोठी: रोग कालवडींबरोबर भाचीच्या बावीस गायींपर्यंत पोचेल.

त्याने आक्काला फोन लावला.

"काय रे? गाडी चारला निघतेय. मीपण जाते बसून."

"जेवल्या का नीट?"

"कोण? मी का कालवडी?"

"कालवडी."

"म्हणजे बहिणीची चौकशी नाहीच. जेवल्या बाबा, चाटूनपुसून."

"तोंडातून काही... लाळ वगैरे?"

"का विचारतोस?"

"असंच," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याने जे केलं त्याची त्याला पुढे फार लाज वाटली. त्याने बादलीभर कढत पाणी काढलं, मूठभर सोडा टाकला आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा दावं खिळ्यावरून काढलं. पाण्यावर धरलं. धुतलं तर कुणाला कळणार होतं? पण सहा जिभा त्यावरून फिरून गेल्या होत्या. त्या कुठल्या बादलीत बुडवायच्या? देवघरापुढे जाऊन तो नुसता उभा राहिला. मागायला शब्दच सुचेना. काय मागायचं? गाडी बंद पडू दे? टायर फुटू दे? म्हणजे आपलं तोंड उघडायचं काम देवाने करावं?

असं करता करता दुपारचे साडेतीन वाजले. दावं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने वर आणखी दोन पिशव्या बांधल्या आणि फटफटीला लाथ मारली.

नाक्यावर रस्ताभर चुन्याचा पट्टा ओढला होता. पंपवाल्याने त्याच्या चाकांवर, चपलांवर औषध मारलं. टेबलामागे डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. पुढे नकाशा, नकाशावर लाल पेन्सिलीचं गोल वर्तुळ. जनावरांची प्रत्येक गाडी इथे थांबत होती. दाखला, कानातले बिल्ले, निघाली कुठून, जाणार कुठे, सगळं जुळलं तरच आडवा बांबू वर जात होता.

"बोला मामा."

"बाई, ते वर्तुळ चुकलंय."

त्या हसल्या. "मोजून काढलंय हो."

"त्याच्या बाहेर नेलाय रोग. मी नेलाय." आणि त्याने पिशवी टेबलावर ठेवली.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, हातमोजे चढवले, वही ओढली. कुठला गोठा, कुठला वार, किती जनावरं. मंगळवारचे दोन गोठे मामाने सांगितले. प्रत्येक पत्त्याबरोबर एकेक फाटक बंद होताना त्याला ऐकू येत होतं.

"बुधवारी?"

मामाने नकाशावर लाल रेघेच्या बाहेर बोट ठेवलं आणि परत उचललं.

"मामा, बुधवारी कुठे होतात?"

तेवढ्यात मागून गाडीचा भोंगा वाजला. ड्रायव्हरशेजारी, मांडीवर गाठोडं घेऊन, आक्का बसली होती. मागे सहा कपाळं दिसत होती. तिने त्याला पाहिलं आणि तोंडभर हसली.

"निरोप द्यायला आलास होय रे? सकाळी फोनवर म्हणाला असतास तर थांबले असते की!"

मामाने हात वर केला. बोट गाडीकडे होतं. "बुधवारी हा गोठा," तो म्हणाला.

पुढचं बाईंनीच आक्काला सांगितलं. गाडी आल्या वाटेने परत जायची, कालवडी त्याच गोठ्यात उतरायच्या, गाडी आतून-बाहेरून धुवायची, आणि चौदा दिवस त्या फाटकातून ना जनावर बाहेर, ना परका माणूस आत. दूधसुद्धा नाही. आक्का गुडघे धरून खाली उतरली होती. सगळं ऐकून घेतलं. मग भावाकडे वळली.

"तू फोनवर 'असंच' म्हणालास," ती म्हणाली.

एवढंच. ओरडली असती, कानाखाली मारली असती, तर तो घरी जाऊन झोपू शकला असता.

दावं नाक्यावरच्या माणसांनी रस्त्याच्या कडेला औषधात बुडवून मग जाळलं. त्याचा धूर फार वेळ खालीच रेंगाळत राहिला.

मामालाही चौदा दिवस कुठल्या गोठ्याच्या आसपास फिरकायची बंदी होती, पण बंदी नसती तरी बोलावणार कोण? मंगळवारच्या एका गोठ्यातून फोन आला तो शिव्यांचाच. बायकोने घेतला, ऐकला आणि "सांगते त्यांना" म्हणून ठेवला. घरात ती एक शब्द टोचून बोलली नाही. तो ओसरीवर रिकाम्या खिळ्याखाली बसे आणि फोनचा आवाज झाला की उठून दारापर्यंत जाई. पहिली बातमी कुठून येणार, एवढंच तो मोजत होता.

ती रविवारी आली, बाईंकडून. आक्काच्या दोन कालवडींनी चारा सोडला होता. धाकटीच्या तोंडाला फेस होता. भाचीच्या बावीस गायी धडधाकट होत्या, हे त्यांनी शेवटी, आठवणीने सांगितलं.

गुरुवारी आक्काचा फोन आला. सहा दिवसांनी.

"बाईंना विचारून घेतलंय. ये. रस्त्यावरच उभा राहा, चुन्याच्या अलीकडे पाऊल टाकलंस तर बघ."

तो धावतच गेला. फाटकापासून वीस पावलांवर पांढरा पट्टा होता. त्याच्या पलीकडे, अंगणात, आक्का एकटी. तिच्या हातात नवं कोरं नायलॉनचं दावं, शेजारी औषधाची बादली. धाकटी कालवड तीन पायांवर उभी होती. खुरांच्या फटीत चिघळलं होतं. धुवायला पाय धरला की ती झटकत होती आणि आक्का खुंट्याला धरून सावरत होती.

"दोन दिवस झाले, हात लावू देत नाही. आता सांग, काय करू?" आक्काच्या आवाजात राग नव्हता. नुसती दमणूक होती, आणि तिच्याखाली तीच भीती, जी त्याने ओळखली.

"दावं नाकाशी धर."

"धरलं. फुरफुरते."

मामा चुन्याच्या रेघेवर पायाचे अंगठे टेकवून उभा राहिला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. मग काम करताना तो जे पुटपुटायचा, ज्याच्याकडे त्याने स्वतःही कधी लक्ष दिलं नव्हतं, ते मोठ्याने म्हणायला लागला. "ऊंऽ... ये माये... झालं गं, झालं... ऊंऽ..."

कालवडीचा कान वळला. मग मान. आक्काने पाय उचलला. तिने उचलू दिला.

मामा थांबला नाही. घसा बसत आला तरी एकेक खूर होईपर्यंत म्हणत राहिला. आक्का वाकून धूत होती आणि डोळे बाहीला पुसत होती. बोलता बोलता त्याची नजर मागच्या रांगेवर गेली. चौथी कालवड ओठ चाटत होती. परत चाटले. नुसती तहान असेल, त्याने स्वतःला सांगितलं, आणि लगेच सोमवारी आपण काय सांगितलं होतं ते आठवलं.

"आक्का," तो म्हणाला, "चौथीचं तोंड उघडून बघ. आत्ता."

आक्का सरळ झाली. दोघांच्या मधे पांढरी रेघ होती.

"बघते," ती म्हणाली. "तू हलू नकोस. बोलत राहा."